लातूरची गाडी आणि कमलनगरचा फलाट

२०१७ साली मुंबई–लातूर गाडी आठवड्यातून तीन दिवस बिदरपर्यंत नेण्याचे रेल्वेने ठरविले, तेव्हा लातुरात केवढा गहजब उडाला हे वाचक विसरले नसतील. आपली गाडी कर्नाटकाने पळविली, असा सूर निघाला. लातूरकरांची अडचण खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. डब्यातल्या जागा मोजक्या आणि मुंबईस जाणारे अनेक. वाटेकरी वाढला की कुरबूर होणारच. आमचे दुःख निराळे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत ज्या भालकीचे नाव बेळगाव-कारवारच्या बरोबरीने घेतले गेले, ती भालकी रेल्वेच्या वेळापत्रकात येताच परकी कशी ठरली? लातूरकर बंधूंनी स्वतः कित्येक दशके बार्शी लाईटच्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडी गाठली आणि तेथे गाडी बदलली. गाडी बदलण्याचे हाल त्यांना आम्ही सांगावेत काय?

हा लोहमार्ग महाराष्ट्राने घातला नाही, कर्नाटकानेही नाही. विकाराबादहून बिदरमार्गे परळीकडे जाणारे हे रूळ निजामी अमदानीतले आहेत. त्या काळी जहिराबाद, बिदर, भालकी, कमलनगर, उदगीर ही सारी स्थानके एकाच बिदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तुकडे पडले. जहिराबाद आंध्राकडे गेले व आज ते तेलंगणात आहे. उदगीर मुंबई राज्यात आले. बिदर आणि भालकी म्हैसूरच्या पदरात टाकण्यात आली. रूळ मात्र होते तेथेच राहिले. कमलनगरचे लहानसे स्थानक त्या दिवशी एका रात्रीत सरहद्दीचे स्थानक झाले, आणि घटकाभराच्या अंतरावरचे उदगीर, जेथे बाजार, नातीगोती आणि लेकीबाळींची सासरे, ते परराज्य ठरले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच उदगिरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. कमलनगरकरांना ते आपल्याच अंगणातले वाटले नसेल काय?

अशा स्थानकाचा वाली कोण? राज्यकारभार बंगळुरूचा, रेल्वेचा विभाग सिकंदराबादचा, आणि प्रवाशाचे मन उदगीर-लातूरकडे. तीन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आम्हांस येथे पुरती पटते. बिदर–गुलबर्गा या एकशे दहा किलोमीटरच्या मार्गाची मंजुरी गेल्या शतकाच्या अखेरीची. गाडी धावली २९ ऑक्टोबर २०१७ रोजी. तोवर बिदरच्या माणसाला रेल्वेने गुलबर्गा गाठायचे तर विकाराबाद आणि वाडीचा वळसा होता. औराद व बसवकल्याण ही तालुक्याची गावे तर आजही रेल्वेविना आहेत. आमच्या मागासलेपणावर प्रवचने झोडणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

भाषेचा प्रश्न काढला की अधिकारी नियमाकडे बोट दाखवितात: प्रादेशिक भाषा, हिंदी, इंग्रजी. पाटीवरच्या नावाचा आमचा तंटा नाही. देवनागरीतले ‘कमलनगर’ हिंदीतही तेच आणि मराठीतही तेच. पण गाडीला उशीर झाला, फलाट बदलला, तिकिटाचा नियम फिरला, हे खेड्यातल्या म्हातारीला तिच्या भाषेत कोणी सांगावे? नियमाला अपवाद नाही असेही नाही. महाराष्ट्र-गुजरातच्या सरहद्दीवर उभ्या असलेल्या नवापूर स्थानकात हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती दोन्ही नांदतात. त्यामुळे तेथे ना गाडी रुळावरून घसरली, ना कोणाचे राज्य बुडाले. रेल्वे केंद्र सरकारची आहे, ती बंगळुरूची मिंधी नाही. कन्नड काढा असे आम्ही म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. तिच्या शेजारी मराठी ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे.

भालकी आणि कमलनगर येथील सूचना व घोषणा मराठीतही व्हाव्यात, याचा निर्णय सिकंदराबादने करावा. आणि लातूरकरांनी, पुढच्या वेळी गाडीसाठी मोर्चा काढतील तेव्हा, डबे वाढवून मागावेत. भालकीच्या माणसाला खाली उतरवा असे म्हणू नये.