विश्लेषण : ‘करलं’ म्हणणारे मूल चुकते की शिकते? घरातले बोलणे इतके महत्त्वाचे का?

पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. अखेर २९ जूनला राज्य सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय रद्द केले. या चर्चेत शाळा होती, अभ्यासक्रम होता, अस्मिताही होती. घराचा विषय मात्र फारसा निघाला नाही. मूल पहिलीत जाते तोवर त्याच्या भाषेचा पाया घरात घातला गेलेला असतो.

बाळाचा कान कधी तयार होतो?

पहिल्या वाढदिवसाच्या आत. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. त्यात हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ हे उच्चार वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो ओळखता आला नाही. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना तो त्या वयातही कळत होता. म्हणजे बोलायला लागण्याआधीच बाळ घरातील भाषेचे आवाज वेचून ठेवते.

मूल फक्त नक्कल करते का?

नाही. ‘बस’चे ‘बसलं’, तसे ‘कर’चे ‘करलं’ आणि ‘मर’चे ‘मरलं’ असे मूल म्हणते. घरात सगळे ‘केलं’, ‘मेलं’ म्हणत असतील, तर मुलाने ‘करलं’ ऐकले कुठे? कुठेच नाही. ऐकलेल्या शेकडो वाक्यांतून त्याने नियम शोधला आणि तो सगळीकडे लावला. अपवाद पुढे आपोआप कळतात. म्हणून ‘करलं’वर हसू नये, रागावूही नये. ‘हो, तूच केलंस!’ एवढे उत्तर पुरते.

मोबाइलवरून भाषा येते का?

अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत बोलका आहे. इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी मँडरिन बोलणाऱ्या व्यक्ती सुमारे महिनाभरात १२ वेळा समोर बसून खेळल्या, बोलल्या. या बाळांना मँडरिनमधील उच्चारांचा फरक कळू लागला. तेच बोलणे चित्रफितीवर दाखवलेल्या बाळांना काहीच लाभ झाला नाही. नजर, हावभाव, बाळाच्या हुंकाराला मिळणारे उत्तर यांतून भाषा रुजते. पडदा बोलतो, पण उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतील बाळांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला कमाल एक तास पुरे. घास भरवताना हातात मोबाइल दिला की त्या वेळच्या गप्पाही जातात.

भाषा विचार घडवते का?

काही प्रमाणात. भाषेत शब्द नाही म्हणून विचारच करता येत नाही, हा टोकाचा दावा आज अभ्यासक मानत नाहीत. हिंदीत मागच्या आणि पुढच्या दिवसाला ‘कल’ हा एकच शब्द आहे, म्हणून हिंदी भाषकांचा गोंधळ होत नाही. पण कशाकडे लक्ष द्यायचे, याची सवय भाषा लावते. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेत जागा सांगताना डावे-उजवे नव्हे, तर पूर्व-पश्चिम वापरतात. त्यामुळे ती बोलणाऱ्यांना दिशांचे भान सतत ठेवावे लागते. मराठीत ‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’ यांत फरक आहे. समोरचा त्यात आहे की नाही, हे मराठी मुलाला दरवेळी ठरवावे लागते. इंग्रजी ‘वुई’ बोलताना ते ठरवावे लागत नाही.

मग इंग्रजीचे काय?

इंग्रजी हवीच, तिच्याशी वैर नाही. घरात दोन भाषा सहज बोलल्या जात असतील तर मुले दोन्ही आत्मसात करतात. अडचण वेगळी आहे. इंग्रजी माध्यमाच्या धास्तीने अनेक घरांत आईबाबा स्वतःला नीट न येणारी इंग्रजी बाळाशी बोलतात. ती ‘कम’, ‘सिट’, ‘फिनिश कर’ यापुढे जात नाही. थट्टा, गोष्ट, लटका राग, ‘का’ या प्रश्नाचे लांबलचक उत्तर, हे सगळे गळते. मुलाला इंग्रजी तर मिळत नाहीच, पण भरघोस मराठीही मिळत नाही. हेच नुकसान मोठे आहे.

पालकांनी आणि शाळेने काय करावे?

जी भाषा सहज येते तीच बोलावी. मग ती अहिराणी असो, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी वा कोरकू. ती ‘अशुद्ध’ म्हणून आजीला गप्प करू नये. भाजी निवडताना, बसची वाट पाहताना बोलावे आणि मुलाच्या उत्तरासाठी थांबावे. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी शाळेतील प्रमाण मराठीही नवी भाषाच असते. मराठीच्या हक्कासाठी भांडणाऱ्यांनी त्या मुलाचा हक्कही तितक्याच जोराने मागायला हवा.