सोळा तासांची थाप

"अमेरिका काय आता लांब राहिली का? डायरेक्ट फ्लाइट घेतलीस की सोळा तासांत घरी!" ऑनसाइटचं पक्कं झालं की हे सांगणारे एक काका प्रत्येकाला भेटतात. मलाही भेटले. मंडळी, ही शुद्ध थाप आहे.

आधी साधं गणित. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किमी. ताशी ९०० चा वेग धरला तर चौदा तास. पण हा भागाकार कॅल्क्युलेटरवर ठीक आहे. पश्चिमेला जाताना वरचे वारे समोरून येतात, वेळ वाढतो. आणि पृथ्वीच्या गोलावरची सर्वात जवळची वाट दुसऱ्यांच्या आकाशातून जाते. २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द काही महिने बंद केली होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली, आणि विमानं वळसा घालू लागली. नकाशावरचं अंतर तेच, घड्याळातलं मात्र वाढलं!

बरं, "जग जवळ येतंय" म्हणावं तर एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क सेवा १९६० मध्ये सुरू केली, बोइंग ७०७ ने. त्या विमानाचा वेग आणि आजच्या ७८७ चा वेग जवळपास सारखाच. वाटेतले थांबे कमी झाले, इतकंच. न्यूयॉर्क-लंडन साडेतीन तासांत कापणारं काँकॉर्ड तर २००३ मध्येच निवृत्त झालं. म्हणजे तिथे आपण चक्क मागे गेलो.

आता खरा हिशोब. दोन वर्षांपूर्वी एडिसनमध्ये रात्री फोन वाजला. आजी गेली. डायरेक्ट फ्लाइट फुल. तिकीट मिळेपर्यंत नऊ तास गेले, ते धरतच नाही. घर ते एअरपोर्ट दीड तास, तीन तास आधी हजर, एक स्टॉप धरून प्रवास एकवीस, इमिग्रेशन-बॅगा दीड, मुंबई ते सांगली गाडीने आठ. बेरीज पस्तीस. सांगलीला पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या होत्या आणि आजी नव्हती. बाबा एवढंच म्हणाले, "थांबवता आलं नाही रे."

कोणाचीच चूक नव्हती. चूक होती ती माझ्या डोक्यातल्या सोळा या आकड्याची. आपण नेटवर्कवाले बँडविड्थ आणि लेटन्सी यांतला फरक ज्युनिअर पोरांना शिकवतो आणि स्वतःच्या घराच्या बाबतीत विसरतो. व्हिडिओ कॉलवर आजी रोज दिसायची, म्हणून ती जवळ आहे असं वाटायचं.

ऑनसाइटला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः अजून इथेच आहे. पण सही करण्याआधी कागद घ्या आणि दारापासून दारापर्यंतचे तास लिहा. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय का तेही बघा, नाहीतर जाणं होईल आणि परतीसाठी वकिलातीच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसाल. तो आकडा घरच्यांनाही खरा सांगा. आणि धडधाकट आहेत तोवर सुट्टी टाकून भेटून या.

काकांना काय, सोळा म्हणायला पैसे पडत नाहीत. असो.