‘तिचे लग्न करून दिले आहे’

दीपनगरची वसाहत सोडून मला दहा वर्षे झाली. वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला स्वतःचे घर ही गोष्ट फार उशिरा सुचते. क्वार्टर मिळालेले असते, दिवे-पाणी असते, खिडकीच्या गजांवर रोज राखेचा थर बसतो आणि बायको रोज तो पुसते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांच्या चक्रात तीस-पस्तीस वर्षे निघून जातात. मग निवृत्तीचे पत्र येते, क्वार्टर रिकामे करण्याची तारीख येते आणि लक्षात येते, की आपल्या नावावर काय आहे, कुठे आहे आणि आपल्यामागे ते कोणाचे, याचा विचार आपण कधी केलेलाच नाही.

आमच्या पिढीत बहुतेकांचे असेच झाले. कोणी यावलहून आलेला, कोणी रावेरहून, कोणी पार शिरपूर-साक्रीकडचा. गावी वडिलोपार्जित शेत, त्याच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव; भुसावळला प्लॉट घेऊन बांधलेले घर; फंडाच्या पैशांच्या बँकेत ठेवी; मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला किंवा त्याहून लांब. मंडळाची २००५ साली कंपनी झाली, २१० मेगावॅटच्या संचांशेजारी ५०० मेगावॅटचे संच उभे राहिले, आमच्या सह्यांचे कागद बदलले. पण मृत्युपत्राचे नाव काढले, की आजही घरातली बाई म्हणते, “शुभ बोला हो काहीतरी.”

गेल्या वर्षी आमच्या जुन्या लायनीतला एक सोबती गेला. त्याच्या एका मोठ्या ठेवीवर लग्नाआधी लावलेले धाकट्या भावाचे नाव तसेच राहिले होते. भाऊ म्हणाला, नाव माझे, पैसा माझा. वहिनींना तोवर वाटत होते, की नवऱ्याचे ते आपोआप आपले. दोघांचेही म्हणणे अर्धवट होते. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हाती पैसे द्यायचे तो माणूस; मालकी वारसांची, किंवा मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलेल्याची. हे आपल्याकडे शिकलेल्यांनाही माहीत नसते. ज्यांचे कालनिर्णय आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असते, त्या जयंतराव साळगावकरांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीवरूनही हाच प्रश्न न्यायालयात गेला होता. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शेअर असोत वा रोखे, नुसत्या नॉमिनेशनने कोणी मालक होत नाही. (विम्याच्या कायद्यात २०१५ पासून जवळच्या नातलगांपुरता फरक केलेला आहे, म्हणून पॉलिसीचे वेगळे विचारून घ्यावे.) जिथे पंचांग मांडणाऱ्याच्या घरी हा प्रश्न आला, तिथे पाळीचे रजिस्टर भरणाऱ्याची काय कथा!

तर वहिनींची धावपळ पाहून मी ठरवले, आपले मृत्युपत्र करून टाकायचे. त्यासाठी वकील हवा. आणि इथेच गाडी अडली.

वकील शोधायचा कसा? डॉक्टरच्या पाटीवर हाडांचा की डोळ्यांचा हे लिहिलेले असते. वकिलाच्या पाटीवर नाव आणि पदवी. हा वकिलांचा आळस नव्हे. बार कौन्सिलचा नियमच आहे, की वकिलाने जाहिरात करू नये आणि आपण अमुक कामातले तज्ज्ञ असे पाटीवर लिहू नये. नियमामागचा हेतू चांगलाच आहे, वकिली म्हणजे दुकान नव्हे. पण परिणाम असा, की फौजदारी चालवणारा, अपघाताचे दावे करणारा आणि वाटण्या-मृत्युपत्रे करणारा हे तिघे बाहेरून सारखेच दिसतात. मग माणूस दोनच वाटा धरतो. एक, मुलाच्या ओळखीचा पुण्याचा वकील. दुसरी, कोर्टाबाहेरची झेरॉक्सची टपरी.

मी आधी टपरीवर गेलो, हे कबूल करतो. तिथे तयार नमुना मिळतो. नाव, वय, चतुःसीमा भरायच्या. घरी आणून चष्मा लावून वाचला. तिसऱ्या परिच्छेदात छापील वाक्य होते : “माझ्या मुलीचे लग्न करून दिले असून तिला तिच्या हक्काचे सर्व काही दिलेले आहे, सबब तिला काही देणे राहिलेले नाही.” मी मुलीचे नावही अजून लिहिलेले नव्हते, आणि कागदाने तिला बाहेर काढले होते.

ते वाक्य मी पूर्वी वाचले होते. शब्द निराळे, अर्थ तोच. वडील १९९६ साली गेले. पुढच्या वर्षी आम्ही दोघा भावांनी ताईला रावेर तालुक्यातून बोलावून घेतले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. खानदेशात हे सगळेच करतात. बहीण सही करते, भाऊ तिला लुगडे घेतो, जेवण होते आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत जाते. ताईने कागद वाचायला मागितला नाही. “भाऊ, कुठं करू सही?” एवढेच तिने विचारले. ती जागा मीच बोटाने दाखवली. कायदा आम्हाला माहीत नव्हता असेही नाही. वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा १९५६ पासून होता. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना जन्मतःच हिस्सा दिला, पण तेव्हा लग्न झालेल्यांना वगळले; २००५ साली देशभर तो सर्व मुलींना मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो आहे, हेही पक्के झाले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले रीतसर व्यवहार त्याने उकरले जात नाहीत. म्हणजे आमचा कागद कायद्याला पक्का आहे.

नमुना फाडून टाकला. पुण्याच्या वकिलाचा विचार मुलानेच सोडायला लावला. “बाबा, मी आणलेला वकील नको. उद्या ताईला वाटेल मी लिहवून घेतलं,” तो म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि खरे सांगायचे तर थोडी शरमही.

मग मी शोधण्याची तऱ्हा बदलली. वकील कोण चांगला, असे न विचारता, कोणाच्या घरी माणूस गेल्यावर कागद सुरळीत झाले आणि तरीही भाऊबंद एकमेकांकडे जेवायला जातात, असे विचारत हिंडलो. याची उत्तरे पुरुषांकडे नसतात. वसाहतीतल्या विधवा बायांकडे असतात. कोणत्या वकिलाने किती खेपा घालायला लावल्या, कोणी मूळ कागद अडकवून ठेवले, कोणी फी आधीच सांगितली, हे त्यांना तोंडपाठ असते. दोघीतिघींनी एकच नाव घेतले. भुसावळातल्या एक वकीलबाई. जिना अंधारा, खोली लहान, भिंतीला फायली.

बाईंनी आधी मुलाला बाहेर बसवले. मग विचारले, “मुलं किती?” मी म्हणालो, “एक मुलगा.” त्या पेन खाली ठेवून थांबल्या. मी घाईने म्हणालो, “आणि एक मुलगी.” “मग दोन म्हणा की, काका.”

माझे मत आता असे झाले आहे, की मृत्युपत्राचा वकील त्याच्या लेखणीवरून ओळखू नये, त्याच्या प्रश्नांवरून ओळखावा. बाईंनी तासभर नुसते विचारले. शेत वडिलांचे की आजोबांचे? फेरफार कुठला? जमीन भोगवटादार वर्ग १ ची की २ ची? घराचा प्लॉट कोणाच्या पैशाने? शेवटी सांगितले, की घर आणि ठेवी तुमच्या कष्टाच्या, त्या वाटेल त्याला द्या. शेत वडिलोपार्जित, त्यात तुमच्या मुलाचा आणि मुलीचा जन्माचा हिस्सा आहे, तेव्हा तुम्ही लिहून देऊ शकता तो फक्त तुमचा वाटा. टपरीवरच्या नमुन्याने मी सगळेच शेत लिहून दिले असते! हे पुण्याचा विद्वानही सांगेल, मान्य. पण आमच्या गावचा सातबारा, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), गावठाणातल्या घराची अर्धवट नोंद, हे त्याला फोनवर कसे कळावे? पुढे भांडण झालेच, तर ते इथल्याच कोर्टात उभे राहणार.

त्या बाईंनी आणखी एक केले, जे वकील सहसा करीत नाहीत. आपली गरज कुठे नाही ते सांगितले. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. तरी नोंदलेले म्हणजे आव्हानच देता येणार नाही, असे नव्हे. हवे तेव्हा बदलता येते. प्रोबेटची सक्ती मुंबईसारख्या शहरांच्या हद्दीपुरती होती, खानदेशातल्या हिंदू कुटुंबांना ती कधीच नव्हती. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. आत काय लिहिले आहे हे त्यांना कळण्याची गरज नाही. “तुमच्या वयाचा मित्र आणू नका,” बाई म्हणाल्या. “वेळ आली तर साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. तुमच्यामागे जगणारा आणा.” ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी तालुक्याला विधी सेवा समिती आहे आणि १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत सल्ला मिळतो, हेही त्यांच्याकडूनच कळले. आमच्या त्या वहिनींना आम्ही कोणीच हे सांगितले नव्हते.

व्यवस्थापक कोणाला नेमायचे, यावर माझ्या मनात साहेबलोकांपैकी एक वजनदार नाव होते. बाईंनी ते खोडून काढले आणि मला ताई महाराज प्रकरण आठवले. पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये गेले. मृत्युपत्रात त्यांनी विश्वस्त नेमलेल्यांत लोकमान्य टिळक होते. याहून मोठे नाव कुठले आणायचे? तरी दत्तकावरून वाद पेटला, खुद्द टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०४ साली ते उच्च न्यायालयातून सुटले आणि दिवाणी दाव्याचा निकाल प्रिव्ही कौन्सिलमधून यायला १९१५ साल उजाडले. मृत्युपत्र मोठ्या माणसाच्या नावाने पुरे पडत नाही. माझ्या कागदात आता माझी मुलगीच व्यवस्थापक आहे. ती शाळेत हिशेब शिकवते.

उरली ताई. मी बाईंना १९९७ चा कागद दाखवला आणि म्हणालो, मृत्युपत्रात बहिणीला एक ठेव लिहायची आहे. त्यांनी कागद उलटून पाहिला. “ताईंचं वय?” “त्र्याहत्तर.” “आणि तुमचं?” “अडुसष्ट.” “त्या आधी गेल्या तर ही ओळ फुकट, काका. द्यायचंच आहे तर मरायची वाट कशाला पाहता? उद्या बँकेत जा.”

गेलो. ठेव मोडायला अर्धा तास लागला. मग मुलाला घेऊन रावेरच्या बाजूला ताईकडे गेलो. ती केळीच्या बागेकडून आली होती, पायाला चिखल. मी काय आणले आहे हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सुनेला हाक मारून म्हणाली, “भाऊला चहा ठेव.” आणि माझ्याकडे न बघता, “तेव्हा मी वाचला होता तो कागद. तुझा हात फिरत होता ना, त्याच्याखालून.”

मृत्युपत्राची नोंदणी पुढच्या गुरुवारी आहे. एक साक्षीदार ठरला, शेजारचा कंपौंडर, चाळिशीचा. दुसरा अजून शोधतो आहे.