केव्ह, गुहा, गुंफा की लेणे? नाशिकच्या एका शब्दाची गोष्ट

१/ नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात २४ लेण्यांचा समूह आहे. शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी; लोकांच्या तोंडी ही पांडवलेणी. अलीकडे मात्र छायाचित्रांखाली 'नाशिक केव्हज' आणि त्याचे भाषांतर म्हणून 'नाशिकच्या गुहा' असे सर्रास लिहिले जाते. एका शब्दाने काय बिघडते? बरेच काही.

२/ इंग्रजीतील 'केव्ह' हा शब्द 'पोकळ' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. त्याचे समानार्थी शब्दही पोकळीचेच प्रकार सांगतात: 'कॅव्हर्न' म्हणजे विस्तीर्ण गुहा, 'ग्रोटो' म्हणजे लहान, देखणी गुहा, 'डेन' म्हणजे श्वापदाची गुहा. पोकळी पाण्याने झिजून झाली की छिन्नीने कोरली, हे 'केव्ह' सांगत नाही. त्यासाठी वेगळे विशेषण जोडावे लागते आणि बोलण्याच्या ओघात ते गळून पडते.

३/ मराठीची शब्दसंपत्ती इथे अधिक नेमकी आहे. ओढ्याकाठच्या कड्यातील खोल जागा ती घळ. शिवथरघळ सर्वांना ठाऊक आहे. खडकातील अरुंद फट ती कपार. जमिनीखालून जाणारी वाट ते भुयार. दडलेली जागा ती गुहा. 'गुह्' या धातूचा अर्थच लपवणे. आणि माणसाने डोंगर कोरून घडवलेली वास्तू ते लेणे.

४/ नाशिककर हा फरक सहज पाळतात. पंचवटीत काळाराम मंदिराजवळ वाकून उतरावे लागते, ती सीता गुंफा. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला अशी परंपरा आहे, ती गुहा. म्हसरूळजवळच्या डोंगरातील जैन शिल्पांची मात्र चांभारलेणी. इंग्रजीत तिन्ही ठिकाणे 'केव्ह' होतात आणि मराठीत परततात ती 'गुहा' होऊन.

५/ 'लेणे' हा शब्द दागिन्यावरून आला, लेणी म्हणजे डोंगराचे अलंकार, असे अनेकदा सांगितले जाते. कल्पना सुंदर आहे. पण या शब्दाचे मूळ दुसरीकडे आहे. शिलालेखांतील प्राकृत 'लेण' हा संस्कृत 'लयन'शी जोडलेला शब्द. अर्थ: आश्रयाची, विसाव्याची, निवासाची जागा. 'केव्ह' पोकळी सांगतो. 'लेण' तिथे कोणी राहावे हे सांगतो.

६/ हा शब्द अभ्यासकांनी मागाहून चिकटवलेला नाही. लेणे क्र. १९ मधील लेख सातवाहन राजा कण्ह याच्या काळातील. नाशिकच्या एका महामात्राने हे 'लेण' करविले, असे तो सांगतो. शहराचे नाव आणि 'लेण' हा शब्द एकाच लेखात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. दोन्ही आजही नाशिककरांच्या तोंडी आहेत.

७/ लेणे क्र. १० पाहावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते कोरविले, सोबत पाण्याच्या पोढी खोदविल्या आणि पुढची तरतूदही लिहून ठेवली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायची नाही; लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

८/ हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा, बरोबर २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. ज्या जागेच्या नावे ठेव, व्याजदर आणि लाभार्थींची संख्या दगडावर कोरलेली आहे, तिला 'गुहा' म्हणताना ही सारी व्यवस्था नजरेआड होते.

९/ याच लेण्यात उषवदाताची पत्नी दखमित्रा हिच्या दानाची नोंद आहे. तिने दिला तो 'ओवरक', म्हणजे राहण्याची खोली. मराठीतील 'ओवरी' याच कुळातील. पाण्याच्या टाक्याला डोंगरभटके आजही 'पोढी' म्हणतात. गुहेला ओवरी नसते, लेण्याला असते.

१०/ लेणे क्र. ३ गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचे दान. क्र. १७ उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचे. क्र. १८ च्या चैत्यगृहात एका गावाच्या सामूहिक दानाची नोंद आहे. राजमाता, परदेशी, गावकरी: सर्वांनी आपले दान दगडावर नोंदवले, ते विसरले जाऊ नये म्हणूनच.

११/ येथे एक आक्षेप रास्त आहे. ओडिशात खारवेलाचा लेख हाथीगुंफेत आहे आणि तिथली कोरीव रानीगुंफाही 'गुंफा'च. बिहारमधील बराबरच्या अशोककालीन लेखांत 'कुभा' हा शब्द येतो. म्हणजे कोरीव वास्तूला सर्वत्र 'लेणे'च म्हणत असे नाही. मात्र त्यातून निष्कर्ष निघतो तो हाच, की प्रत्येक प्रदेशाने आपला शब्द जपावा. त्रिरश्मीवर कोरलेला शब्द 'लेण' आहे.

१२/ फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० मध्ये 'केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ सिद्ध केला. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले तेही 'केव्हज' म्हणूनच. इंग्रजीत लिहिताना इंग्रजीचा शब्द वापरण्यात दोष नाही. दोष आहे तो मराठी लिहिताना स्वतःचा शब्द टाकून त्या शब्दाचे भाषांतर करण्यात.

१३/ 'पांडवलेणी' या नावाचा पूर्वार्ध इतिहासाला धरून नाही. लेखांत पांडवांनी ही लेणी केल्याचा उल्लेख कुठेही नाही. उत्तरार्ध मात्र थेट शिलालेखातून चालत आलेला आहे. आज नेमका तोच पुसला जातो आहे. पुढच्या वेळी त्रिरश्मीच्या पायऱ्या उतरून छायाचित्राखाली ओळ लिहिताना एवढेच करावे: 'लेणी' लिहावे आणि शक्य असेल तिथे दात्याचे नावही लिहावे.