उन्हातली माणसं आणि डीची पुडी

आज पिकाचं नाही, अंगाचं लिहितो. कोरोनापासून गावात एक खूळ शिरलंय. खोकला आला की मेडिकलमधून व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी आणायची. अहो, ती कमतरता असेल तर आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितली तर! शेजारचा एकजण रोज घेत होता. उलट्यांनी हैराण झाला. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीला मार बसतो.

डी बिनकामाचं नाही. विषाणूशी लढणाऱ्या पेशींना ते लागतं. २०१७ साली २५ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात खूप कमतरता असलेल्यांना रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं दिल्याचा फायदा दिसला. एकदम मोठा डोस देऊन नाही. ज्याच्या अंगात पुरेसं आहे त्याने कशाला गिळायचं? माती न तपासता युरिया टाकण्यातलीच गत.

मला वाटायचं, शेतकऱ्याला कसली आलीय कमतरता. आमच्या मंडळींचं रक्त तपासलं तर डी निम्म्यानं कमी! दिवसभर रानात, पण डोक्याला रुमाल, अंगात माझा जुना फुल बाह्यांचा शर्ट. कातडीला ऊन लागतंय कुठं? आता डॉक्टरांची पुडी रविवारी, आणि न्याहारीला बांधावर बसली की बाह्या वर.