टाळीवर विसंबू नका

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यासारख्या दाट वस्तीत, एका खोलीत सहा-सात माणसं. पोर दीड वर्षाचं झालं तरी बोलत नाही, म्हणून आजी मागून टाळी वाजवते. पोर वळतं. "ऐकतंय की! याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला." विषय मिटतो. पण पोर कधी मानेला लागलेल्या वाऱ्यानं वळतं, कधी भिंतीवरच्या सावलीनं. ऐकू न येणारं मूल डोळ्यांनी भारी चलाख असतं.

याच शहरात, मानसगंगोत्रीत, १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. इतकी मोठी संस्था उशाशी असताना टाळीवर का भागवायचं? झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवून काही मिनिटांत प्राथमिक तपासणी होते. सुई नाही, दुखणं नाही. ती पहिल्या महिन्यात करा. शंका निघाली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत कानाचं यंत्र. भाषा पहिल्या दोन-तीन वर्षांत रुजते, ती वर्षं परत मिळत नाहीत. जन्मल्यावर उशिरा रडलेलं, काचेच्या पेटीत राहिलेलं किंवा कावीळ फार चढलेलं बाळ असेल तर एक दिवसही टाळू नका.

बहिरेपणा घराण्यातूनही येतो. नात्यातल्या लग्नांचं बोललं की लोकांना राग येतो, तरी बोलतो. इकडे कर्नाटकात मामा-भाचीचं लग्न, आपल्या मराठी घरांत मामाच्या मुलीशी. घरात बहिरेपणा असेल तर अशी सोयरीक करू नका. झालीच असेल तर सुनेला बोल लावू नका, बाळाचे कान तपासा. गरोदरपणी आईला रुबेला झाला तरी बाळाचे कान जाऊ शकतात. म्हणून गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, नवव्या ते बाराव्या आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यातले, मुलगा असो की मुलगी, चुकवू नका.

आणि फुटलेला, वाहणारा कान! कोंदट खोलीत एकाची सर्दी सगळ्यांना होते. लहान मुलाच्या नाकामागून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी, त्यामुळे जंतू सहज वर चढतात. चुलीचा, विडीचा धूर आणि उताणं निजवून पाजलेली बाटली त्यात भर घालतात. मग कान ठणकतो, वाहतो, आणि कुणीतरी लसणाचं कोमट तेल ओततं. ओतू नका. सुती धुतल्या फडक्याची वात वळा, कानाच्या तोंडाशी धरा, भिजली की नवी घ्या, कोरडी निघेपर्यंत. अंघोळीला पाणी जाऊ देऊ नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.