फुकटचा सफाई कामगार

सकर माशावर सध्या घोर अन्याय चालला आहे, असं एका मत्स्यप्रेमी लेखकमहाशयांचं म्हणणं आहे. त्यांचा एकूण युक्तिवाद असा : हा बिचारा शाकाहारी मासा. टाकीतलं शेवाळ खातो, काच लखलखीत ठेवतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. टाकीत मावेनासा झाला की त्याला नदीत सोडावं, म्हणजे भूतदयाही होते. शिवाय आपल्या नद्यांची गटारं झालेलीच आहेत, तेव्हा तो तिथेही साफसफाईच करील. राहिले उजनी धरणावरचे मच्छीमार, तर ते काय, नेहमीच रडतात. आणि ‘परदेशी मासा, परदेशी मासा’ म्हणून गळा काढणारे त्याच धरणाकाठच्या भिगवणला जाऊन चिलापीवर ताव मारतातच की!

किरकोळ मुद्दे आधी उरकून टाकतो. परदेशी असणं हा माझ्या लेखी गुन्हा नाही. नदी कुणाकडे अधिवासाचा दाखला मागत नाही. चिलापीचा टोला मात्र मला मान्य आहे. चिलापी म्हणजे तिलापिया, तोही मुळात आफ्रिकेचा. 1952 साली तो भारतात आणला गेला आणि आज उजनीच्या जाळ्यांत त्याचंच राज्य आहे. पण एक पाहुणा घर बळकावून बसला म्हणून दुसऱ्यासाठी दार उघडं टाकायचं, हे कुठलं शहाणपण? चिलापीला निदान बाजारात भाव तरी मिळतो. मच्छीमारांच्या रडण्याबद्दल बोलायचं, तर सकरच्या पाठीवरचा आणि छातीजवळच्या परांचा काटा नायलॉनच्या जाळ्यात अडकला की मासा निघत नाही, जाळंच कापावं लागतं. नवं जाळं काय भावानं मिळतं याची महाशयांनी एकदा चौकशी करावी. मग कोण किती रडतं ते पाहू.

आता ‘साफसफाई’कडे वळतो. सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

दुकानात हा मासा बोटाएवढा असतो. काचेला तोंड चिकटवून बसलेला, ठिपकेदार, गोजिरवाणा. दुकानदार सांगतो, ‘एक सकर टाका, टाकी साफ राहते.’ झालं! गिऱ्हाइकाला वाटतं, आपण मासा घेतला नाही, पगार न घेणारा नोकर घेतला. याला वेगळं खायला घालायचं असतं, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. इतर माशांनी टाकलेलं उष्टं आणि काचेवरचं शेवाळ यावर तो जगेल, असा समज. दोन फुटी टाकीतलं शेवाळ त्याला काही आठवडे पुरतं. पुढे तो उपाशी. त्याला उलटा करून पाहिलं तर पोट आत गेलेलं दिसतं, डोळे खोल गेलेले असतात. अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत असल्यामुळे वरून मात्र तो धडधाकट दिसतो, आणि एक दिवस मरून पडतो. मालक म्हणतो, ‘माल खराब होता.’

जो जगतो, तो वाढतो. आपल्याकडे ‘सकर’ म्हणून जे विकलं जातं त्यातले बहुतेक टेरिगोप्लिक्थिस या वंशाचे, आणि ते फूट-दीड फुटापर्यंत जातात. दहा-पंधरा वर्षं जगणं त्यांना काही विशेष नाही. आणि दीड फुटी मासा टाकी साफ करत नाही हो, घाण करतो! शेवाळ आणि कुजका पाला यांत पोषण कमी, म्हणून तो दिवसरात्र खात राहतो, आणि जे खातो त्यातलं बरंचसं मागून बाहेर येतं. सकर पाळणाऱ्या कुणालाही विचारा. टाकीच्या तळाशी लांबच लांब तपकिरी दोऱ्या लोळत असतात, त्या कुणाच्या? त्यातून अमोनिया सुटतो, अमोनियाचं पुढे नायट्रेट होतं आणि नायट्रेट हे शेवाळाचं खाद्य. म्हणजे ज्या शेवाळासाठी याला आणला त्याच शेवाळाला हा खत घालतो. काच चकचकीत दिसते हे खरं, पण झाडून कचरा सतरंजीखाली सारल्यावरही खोली स्वच्छच दिसते.

हीच गोष्ट नदीला लावा. नदीची घाण म्हणजे दगडावरचं हिरवं शेवाळ नव्हे. ते उलट नदीतल्या कितीतरी जिवांचं जेवण असतं. घाण म्हणजे पुण्यातून मुळा-मुठेत येणारं मैलापाणी, जे पुढे भीमेत आणि तिथून उजनीत जातं. त्यातलं नत्र आणि स्फुरद मासा खाऊन नाहीसं करतो, हे कुठल्या रसायनशास्त्रात बसतं? एखादा हुशार वाचक इथे म्हणेल की सकरच्या चिलखतात स्फुरद साठतं. बरोबर आहे. मेक्सिकोत चियापास राज्यात चाकामाश नावाची नदी आहे, तिथे हे मासे घुसल्यावर अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं. पण ते स्फुरद मासा जिवंत असेपर्यंतच हाडात कोंडलेलं राहतं. त्या नदीत मुळात स्फुरदाचा तुटवडा होता, तेव्हा कोंडल्यामुळे इतरांच्याच तोंडचा घास गेला. आपल्याकडे तुटवडा नाही, महापूर आहे. हजारो सकर स्फुरद अंगात घेऊन फिरतील आणि मेल्यावर जिथल्या तिथे परत करतील.

जलपर्णीच्या वेळी हाच वाद घालून माझा घसा बसला होता. तीही सकरसारखीच दक्षिण अमेरिकेतली, तिचंही फूल सुंदर, आणि तिच्याही बाजूनं बोलणारे होते : ‘ती पाणी शुद्ध करते.’ करते ना! क्षार शोषून घेते, मग तिथेच कुजते आणि सव्याज परत देते. वेळच्या वेळी उपसून बाहेर काढली तरच उपयोग, आणि उपसायला कुणी तयार नसतं. गप्पी माशांचंही तेच. डासांच्या अळ्या खातात म्हणून गटारात, डबक्यात, विहिरीत जिथे तिथे सोडले. गटार वाहतं करायला खर्च येतो, गप्पी स्वस्त पडतात. आपल्याला घाण काढायची नसते. घाण खाणारा कुणीतरी हवा असतो, शक्यतो मुका आणि उष्ट्यावर जगणारा. माणसांच्या बाबतीत या देशानं हे शतकानुशतकं केलं. आता माशाची पाळी. असो, हा विषय मोठा आहे आणि संपादकांनी जागा थोडी दिली आहे.

माझा या माशावर राग नाही. त्याच्या घरी तो फार देखणा संसार करतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पाणी आटतं, त्यातला प्राणवायू संपतो, बाकीचे मासे तडफडतात. हा वर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या भिंतीतून प्राणवायू घेतो. नर काठाच्या मातीत हात-दोन हात खोल बीळ खणतो आणि मादीनं घातलेली अंडी राखत आत बसतो. तिथे त्याला खाणाऱ्या सुसरी आहेत, पाणमांजरं आहेत, माणसंही आहेत. ब्राझीलमध्ये त्याला ‘अकारी’ म्हणतात, चिलखतासकट भाजून खातात आणि त्याचं पीठ करून ठेवतात. याच कुळातला झेब्रा प्लेको, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, फक्त शिंगू नदीत सापडतो. बेलो मोंते धरणानं आणि चोरट्या व्यापारानं तो इतका धोक्यात आला की 2022 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. एक भाऊ घरी मरतोय आणि दुसरा परक्या घरी माजलाय. दोन्हीकडे पाळणाऱ्यांची हौस कारणीभूत.

परक्या घरी मात्र त्याचे हेच सगळे गुण उलटतात. पाण्यात प्राणवायू नसला तरी जगतो, म्हणून घाणेरड्या नदीत देशी मासे मरतात आणि हा टिकतो. पाहणाऱ्याला वाटतं, वा, घाण खाऊन जगतोय! बिळांमुळे बंधारे आणि काठ पोखरले जातात. चिलखत असल्यामुळे इथले पक्षी त्याला गिळायला धजत नाहीत; पोर्तो रिकोत पेलिकन गिळायला गेले आणि घशात अडकून मेले. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणाचा किस्सा तर भिगवणकरांनी ऐकावाच. तिथेही मुख्य मासळी तिलापियाच होती. सकर आला आणि बघता बघता जाळ्यात तिलापियापेक्षा तोच जास्त येऊ लागला. जाळी फाटली, धंदा बसला. बांगलादेशानं 2023 मध्ये या माशावर बंदीच घातली.

भूतदयेबद्दल एवढंच म्हणतो : एक मासा वाचवून शेकडो माशांची अंडी घालायची जागा हिरावून घेणं, याला दया म्हणणाऱ्यानं दयेचा हिशोब नीट मांडलेला नाही.

मग करायचं काय, असं विचाराल. माझ्याकडे जादूची कांडी नाही. काच पुसायला स्पंज मिळतो, तो वापरा. आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदला. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज म्हणून याचा छोटा नातलग मिळतो. तो वितीत मावतो, पण त्यालाही काकडीचे काप, टाकीत लाकडाचा तुकडा आणि वेगळे दाणे लागतात. फुकट तोही राबत नाही. दुकानदारांनी पिल्लाच्या टाकीवर पूर्ण वाढीची लांबी लिहावी आणि मोठा झालेला मासा परत घ्यावा. घेतील का? सक्ती केल्याशिवाय घेणार नाहीत. सक्ती कोण करणार, तेही मला नेमकं सांगता येत नाही. उजनीत जे आधीच झाले आहेत ते काढायला मच्छीमारांना किलोमागे पैसे मिळावेत आणि ते शोभेच्या माशांच्या व्यापारातून वसूल व्हावेत, हे मी याआधीही म्हटलं होतं, तेव्हा लोक हसले होते.

आणि ज्यांच्या टाकीत आत्ता या क्षणी दीड फुटी सकर वळायला जागा नाही म्हणून तिरपा होऊन बसला आहे, त्यांनी तो पुलावरून खाली टाकू नये. मोठी टाकी असलेला कुणी घेत असेल तर द्यावा. लेखकमहाशयांचं या माशावर एवढं प्रेम आहे, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात पाच-सहा फुटी टाकी असणारच. त्यांनी आपला पत्ता जाहीर करावा, मासे घरपोच आणून द्यायला लोक रांग लावतील.